पत्र्याचा चौथा कोपरा

बाळाबाईनं झेडपीला उभं राहायचं असं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी हसला तो तिचा नवरा. ज्ञानू पोवार गोठ्याच्या दारात दावं वळत बसला होता. हातातलं काम तसंच ठेवून तो म्हणाला, "झेडपीला? आगं, आधी पंचायतीला तरी उभी ऱ्हा. एकदम माडीवर चढत्यात व्हय कोण?"

"खालचा जिना आण्णानं आडवून धरलाय," बाळाबाई म्हणाली. "म्हनून शिडी लावायला लागत्या."

ज्ञानूनं माझ्याकडं बघितलं. "ताई, ह्ये तुमचं काम. आमच्या घरात असली भाषा न्हवती."

खरं तर ती भाषा माझी नव्हतीच. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण सरकारी कचेऱ्यांच्या बाकड्यांवर. ज्या साहेबानं 'उद्या या' म्हटलं, त्याच्या टेबलासमोर उद्या उजाडेपर्यंत बसून राहायचं, ही माझी पद्धत. लोक भांडखोर म्हणतात. म्हणोत. न भांडता झालेलं एकही काम मला आठवत नाही. पण बाळाबाईला मी काही शिकवलं, असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. ती माझ्याकडं आली तीच तयार होऊन.

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात आम्ही संघटनेच्या बायका पेन्शनचे अर्ज भरून द्यायला बसलो होतो. ओळीतल्या प्रत्येकीला स्वतःसाठी काहीतरी हवं होतं. कुणाला विधवा पेन्शन, कुणाला रेशनकार्डावर सुनेचं नाव. हिचा नंबर आला तशी म्हणाली, "आमच्या पळसवाडीच्या मसणाला छप्पर पायजे."

मी म्हटलं, "अर्ज कुणाच्या नावावर करायचा?"

"कुणाच्याबी नावावर करा की. नंबर सगळ्यांचाच लागणार हाय."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. तळव्यावर बोटांच्या मुळाशी आडवा डाग होता, भाकरीला चटका बसल्यावर पडतो तसा, पण लांब.

झालं होतं असं. तिचा सासरा ऐन श्रावणात गेला. शाहूवाडीच्या डोंगरातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळणार नाही. पळसवाडीचं मसण म्हणजे ओढ्याकाठी एक दगडी कट्टा, वर आभाळ. पावसाळ्यात कुणी गेलं की गोठ्यावरचा पत्रा काढायचा, चौघांनी चार कोपरे धरायचे, आणि सरण नीट पेटेपर्यंत तो मढ्यावर धरून उभं राहायचं. पिढ्यान् पिढ्या हेच. हाताला पोत्याची चुंभळ गुंडाळायची, कारण वरून पाणी आणि खालून जाळ. पत्रा तापतो तेव्हा वरचं पाणीसुद्धा चर्र करतं.

पण पत्रा धरायला माणसं लागतात. वाडीतली तरणी पोरं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, नाहीतर पुण्यात. बाळाबाईचा लेक राजवीरही कागललाच. रस्त्यावर पाणी आलेलं, त्याला वेळेत पोचता आलं नाही. त्या दिवशी अग्नी दिल्यावर पत्रा धरायला ज्ञानू आणि आणखी दोघं, एवढेच उरले. बाकीची म्हातारी माणसं, उभी राहिली हेच खूप. तिघांनी तीन कोपरे धरले. चौथा खाली लोंबला आणि पत्र्यावरचं सगळं पाणी धार धरून थेट सरणावर.

आमच्यात बायका विसाव्याच्या पुढं जात नाहीत. तिरडी खाली टेकवून खांदे बदलायची जागा ती विसावा. बाळाबाई तिथं उभी होती. तिला समोरचा धूर काळा व्हायच्या ऐवजी पांढरा होताना दिसला. म्हणजे जाळ विझत होता. तिनं पदर कमरेला खोचला, ओढा ओलांडला आणि चौथा कोपरा धरला. चुंभळ घ्यायचं सुचलं नाही. तो डाग तेव्हाचा.

वाडीत कुजबुज झाली, बाईमाणसानं मसणात पाय ठेवला म्हणून. वाडीतली सगळ्यात म्हातारी बनाबाई. तिनं ती एका दमात मोडून काढली. "ठेवला तर ठेवला. म्हातारा भिजत हुता."

आम्ही अर्ज केला. ग्रामपंचायत म्हणाली, एवढा निधी आमच्याकडं नाही, झेडपीकडं जा. झेडपीत गेलो तर तिथं कैक वर्षं निवडणूकच झालेली नव्हती, प्रशासक बसलेला. टेबलामागचा माणूस म्हणाला, "सदस्याची शिफारस आणा."

मी म्हटलं, "सदस्यच नाहीत तर शिफारस काय जोतिबाची आणू?" आणखीही बरंच म्हटलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाळाबाई बाहेर आली, पायरीवर बसली आणि मला विचारलं, "ताई, ह्यो सदस्य कसा हुतोय?"

पुढं निवडणूक लागली आणि पळसवाडीचा गट, म्हणजे झेडपीचा मतदारसंघ, महिलेसाठी राखीव पडला. तेव्हा तिला पुन्हा विचारायला लागलं नाही.

समोर आण्णा. आण्णाला या भागात आडनाव लागत नाही. दूध संस्था त्याची, ऊस नेणारे ट्रॅक्टर त्याचे, जत्रेची कमिटी त्याची. लोक त्याला अहो-जाहो करतात. मी करत नाही. जागा बाईची, त्यामुळं त्यानं सुनेला उभं केलं. संयोगिता नाव तिचं. शिकलेली, शांत. फलकावर आण्णाचा फोटो दाराएवढा आणि तिचा खिडकीएवढा.

आम्ही अपक्ष. चिन्ह मागताना बाळाबाईनं छत्री मागितली होती. मागणारे दोघं, म्हणून चिठ्ठी टाकली आणि छत्री गेली दुसऱ्याकडं. आमच्या वाट्याला शिट्टी. बाळाबाईचं तोंड उतरलं. "आता बाईमाणसानं गावातनं शिट्ट्या मारत हिंडायचं व्हय?"

"मारायची," मी म्हटलं. "जन्मभर त्यांनी आपल्यावर मारल्या. आता आपण."

ती काही वाजवेना. तोंडाजवळ न्यायची आणि पदराआड हसत बसायची. शेवटी बनाबाईनं तिच्या हातातनं शिट्टी ओढून घेतली आणि तोंडात एकही दात नसताना अशी फुंकली, की रस्त्यानं चाललेला ट्रॅक्टरवाला थांबला. त्याला वाटलं पोलीस.

प्रचाराला आमच्याकडं फलक नव्हते. होता तो एक पत्रा. तोच, गोठ्यावरचा, एक कोपरा जळून निळा-काळा पडलेला. बाळाबाईनं तो टेम्पोत टाकला. कुठल्याही वाडीत गेलो की शिट्टी वाजायची, माणसं जमायची, आणि बाळाबाई म्हणायची, "चारजण म्होरं या. तरणीताठी. तालमीतली असली तर लईच झ्याक."

पोरं छाती काढून यायची. आमच्याकडं ताकदीचं काम म्हटलं की नको म्हणणारा अजून जन्मायचाय.

"ह्यो पत्रा डोक्याच्या वर धरा. हात सरळ. मी भाषण करतो तवर खाली आणायचा न्हाय." कोल्हापूरकडच्या बायका कधी कधी पुरुषासारखं 'करतो' म्हणतात, तशी ती चारचौघांत बोलताना म्हणायची.

भाषण म्हणजे काय, ती सासऱ्याचं सांगायची. जसं घडलं तसं. पोरं सुरुवातीला हसत असायची. मग हात थरथरायला लागायचे. मग एकजण म्हणायचा, "वैनी, आवरा की आता."

"आवरू? आजून सरणानं जाळ धरला न्हाय बाबा. वरनं पाऊसबी न्हाय, खालनं आगबी न्हाय. तरी दमलास व्हय रं?"

पत्रा खाली यायचा. कुणी टाळ्या वाजवायचं नाही. पण म्हातारी माणसं उठून जवळ यायची आणि त्या जळक्या कोपऱ्यावरनं हात फिरवायची. प्रत्येक वाडीत असा एक पत्रा होता. फक्त तो कुणी बाहेर काढून दाखवला नव्हता.

टोमणे होतेच. 'मसणाची बाई' हे नाव आण्णाच्या माणसांनीच पाडलं. एकानं चौकात आडवं होऊन विचारलं, "काय वैनी, मेल्यांची मतं मागायला निघालासा?"

"मेल्यांचं मत ग्राह्य धरत न्हाईत पावणं," ती म्हणाली. "म्हनून मरायच्या आधी मागाय आलोय."

आण्णा स्वतः बाजाराच्या गावातल्या सभेत बोलला. बोलतो चांगला, ते कबूल करायला पाहिजे. "मी जित्यांसाठी रस्तं करतो. आमच्या बाळाबाई मेल्यांसाठी छप्पर करणार हायीत. आता तुमी कोण, त्ये तुमीच ठरवा!" सभा खो-खो हसली. मी मागं उभी होते. माझ्या डोक्यात असं काही गेलं, की मी तिथंच ओरडणार होते. बाळाबाईनं माझा दंड धरला. "हसू द्या. हसून घरला जात्यात, आन् घरात म्हातारं खोकत असतंय."

ती बरोबर होती. वरच्या वाड्या आमच्याकडं झुकायला लागल्या. आणि हे आण्णाला आमच्या आधी कळलं, कारण त्याची माणसं प्रत्येक देवळाच्या पारावर बसलेली.

मग त्यानं भंडारा काढला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या गाभाऱ्यात, देवासमोर, हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन शब्द द्यायचा. याला बेल-भंडारा उचलणं म्हणतात. बांधाचं भांडण असो नाहीतर चोरीचा आळ, ज्यानं भंडारा उचलला त्याच्याशी पुढं कुणी वाद घालत नाही. आणि ज्यानं उचलून शब्द मोडला, त्याच्या घरात पुढं म्हैस आटली तरी तो भंडाराच आठवतो. मतासाठी असा शब्द घेणं याला कायदा गुन्हा म्हणतो. पण कायदा मलकापुरात बसतो आणि देव वाडीत.

आण्णानं निरोप धाडला, घरटी एक कर्ता माणूस भैरोबाच्या देवळात यावा, जत्रेची बैठक आहे. ज्ञानू गेला. सगळे गेले. आत गेल्यावर दार ओढून घेतलं आणि गुरवानं ताट पुढं केलं.

मी त्या दुपारी बाळाबाईच्या घरी पोचले, तेव्हा ज्ञानू नुकताच आला होता. उजवा हात पाठीमागं.

"हात दाव," बाळाबाई म्हणाली.

"कशाला?"

"दाव म्हंत्ये न्हवं."

त्यानं हात पुढं केला. तळवा पिवळाधमक.

"कुणाचं नाव घिऊन उचललास?"

"संयोगितावैनीचं. आगं, समदी भावकी रांगंत हुती. देवाम्होरं न्हाय कसं म्हनायचं? माझ्या आधी चुलत्यानं उचलला, त्येच्या मागनं मी. ग्येलो तवा मला वाटलं जत्रंचं काय तरी आसंल."

मला वाटलं ती आता त्याच्या जेवणाचं ताट फेकणार. मी तर फेकलंच असतं. ती चुलीकडं गेली, तांब्याभर ऊन पाणी आणलं आणि त्याच्या हातावर ओतलं. "धू. भाकरी पिवळी हुईल." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, माझ्या सोताच्या नवऱ्याचं मत ग्येलं की वो." आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले.

मी म्हटलं, "हा सरळ गुन्हा आहे. आत्ताच्या आत्ता तक्रार करू. आण्णाला आत घालते."

"आन् पयला साक्षीदार कोण? ह्योच न्हवं का?" तिनं ज्ञानूकडं बोट केलं. "पोलिसांनी इचारलं तर ह्यो काय सांगंल? देवाम्होरं उचलला म्हनंल. मग देव खोटा का आण्णा खोटा? जाऊ दे तक्रार."

दुसऱ्या दिवसापर्यंत कळलं, की वरच्या सगळ्या वाड्यांत हेच झालंय. ज्या पोरांनी पत्रा धरला होता, त्यांच्या बापांचे हात पिवळे झाले होते. माणसं आमच्या टेम्पोकडं बघून मान खाली घालायला लागली. एकजण तर म्हणाला, "वैनी, तुमचं खरं हाय. पर आमी बांधलो ग्येलो."

मी ठरवलं, काट्यानं काटा काढायचा. बाळाबाईला म्हटलं, "आपण बायकांना गोळा करू. त्यांच्याकडनं घरच्या देव्हाऱ्यासमोर तुझ्या नावानं भंडारा उचलून घेऊ. मग आण्णाला कळंल."

"न्हाय."

"का न्हाय?"

"देवाला मी मतं मागाय लावणार न्हाय. आण्णानं केलं त्येच आपुन केलं, तर मग संयोगिताला द्या की मत, ती माझ्यापरास जास्त शिकलीया."

मला राग आला. आलाच. कोल्हापुरात घरदार सोडून हिच्या वाडीत येऊन मी ऊन खाते, आणि ही मला नीती शिकवते! मी पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. एसटी आली. मी चढले नाही. ती गेल्यावर परत आले. बाळाबाईनं चहा ठेवला.

चहा पिऊन आम्ही दोघी वाटेवरच्या माळावर गेलो. तिथं बायका शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापायला जमल्या होत्या. थंडी सरत आली की आमच्याकडं हे काम जोरात असतं. चुलीलाही शेणीच आणि सरणालाही शेणीच. कोल्हापूर शहरात तर होळीला पोरं पाच-पाच शेणी गोळा करून स्मशानाला देतात, आणि तिथं गरिबाचं मढंही फुकट आणि कोरड्या जागी जळतं. हे मी त्या बायकांना सांगत होते. त्या ऐकत होत्या, पण तोंडं सुतकी.

एक सून हळूच म्हणाली, "ताई, आमचं मन बाळाक्काकडंच हाय. पर घरधन्यानं भंडारा उचललाय. म्हंजे घरानं उचलल्यागतच की."

थापायचे हात थांबले. सगळ्यांच्या मनात तेच होतं, हे दिसलं. आणि तेव्हा बनाबाई, शेणाचा गोळा हातात तसाच धरून, म्हणाली, "घरानं कसा उचलंल? घराला हात हायीत व्हय?"

"म्हंजे?"

"म्हंजे मी ग्येलते का देवळात? तू ग्येलतीस? आपल्याला उंबऱ्याच्या आत कधी घेतलंय कुणी? मग आपुन उचलला कसा?"

हे इतकं सोपं होतं, की खरं असेल असं वाटेना. शेवटी बनाबाईच उठली. "चला, गुरवाला इचारू. त्येनंच ताट फिरवलंय."

केरबा गुरव देवळाच्या पायरीवर बेलाची पानं निवडत बसला होता. समोरनं शेणाच्या हातांच्या बायकांचा घोळका येताना बघून तो उठूनच उभा राहिला. माणूस भित्रा. आण्णाच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. पण देवाच्या कामात त्यानं कधी खोटं केलं नाही, हेही सगळ्यांना माहीत.

बनाबाईनं विचारलं, "केरबा, भंडारा कुणाकुणाला दिलास?"

"ज्येनं हात म्होरं केला, त्येला."

"बायकांना?"

"बायकांना कुठला? तुमी उंबऱ्याच्या भाईर. तिथवर मी ताट आणीत न्हाय."

"मग नवऱ्यानं उचलला तर बायकूवर चढतोय का?"

केरबानं डोकं खाजवलं. आजूबाजूला बघितलं. पारावर आण्णाची दोन माणसं कान देऊन बसलेली. त्यानं हातातलं बेलाचं पान खाली ठेवलं. मग म्हणाला, "ज्येच्या हातात भंडारा, त्येच्याच गळ्यात शपथ. बापाची लेकाला न्हाय, नवऱ्याची बायकूला न्हाय. माझ्या आज्जापासनं ह्येच चालत आलंय."

"म्हंजे आमी मोकळ्या?"

"देवाच्या दरबारात मोकळ्या. आण्णाच्या दरबाराचं मला इचारू नगा."

पायरीवर बायका हसल्या त्या देवळाच्या घंटेसारख्या. मी शपथेवर सांगते, एवढ्या वर्षांत इतकं आनंदानं मी कुणाला हसताना ऐकलं नाही. ज्या उंबऱ्यानं त्यांना जन्मभर बाहेर ठेवलं, त्याच उंबऱ्यानं त्यांना सोडवलं होतं. आण्णानं कर्ता माणूस बांधला म्हणजे घर बांधलं असं धरलं होतं. अशी चूक आमच्याकडंच होऊ शकते.

त्यानंतर आम्हाला फारसं काही करायला लागलं नाही. केरबा काय म्हणाला, ते माहेरच्या फोनवरनं, बचत गटातनं, एसटीतल्या शेजारच्या सीटवरनं वाडीवाडीत गेलं. जिथं शंका होती, तिथं बायकांनी आपापल्या गुरवाला गाठलं. कुठला गुरव वेगळं सांगणार? वेगळं सांगायचं तर आधी बायकांना गाभाऱ्यात घ्यायला लागलं असतं.

बाळाबाई फक्त एवढंच म्हणायची, "मी कुणाकडनं शब्द घेत न्हाय. मोकळ्या हायसा, मोकळ्या मनानं जावा."

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब होती. नवी लुगडी, डोक्यात फुलं, जत्रेला निघाल्यासारख्या. काखेत धरून आणलेली बनाबाई सगळ्यांच्या पुढं. ज्ञानूही आला. तो केंद्रातनं बाहेर पडला तेव्हा बाळाबाई झाडाखाली उभी होती.

"दिलंस?" तिनं विचारलं.

"दिलं."

"तिकडंच?"

"तिकडंच. देवाम्होरं बोललोय आगं."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि खरंच मनापासनं म्हणाली. "माझ्यापायी खोटा पडला असतास, तर जन्मभर माझ्या डोस्क्यावर बसला असतास."

मतमोजणीला पहिल्यांदा खालची, रस्त्याकडची गावं निघाली. तिथं आण्णाच पुढं. बाहेर त्याच्या पोरांनी गुलालाची पोती फोडायला घेतली. बाळाबाई भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती, जणू दुसऱ्याच कुणाचा निकाल आहे. मग वरच्या वाड्यांची मतं सुरू झाली. एका वाडीत आम्ही थोडे पुढं, दुसरीत जास्त. पळसवाडीचं मशीन उघडलं तेव्हा आण्णाचा माणूस उठून बाहेर गेला. शेवटची वाडी संपेपर्यंत गुलालाची पोती कुणाची, हाच प्रश्न राहिला होता.

फार मोठ्या फरकानं नाही, पण आली. बाळाबाई ज्ञानू पोवार, अपक्ष, शिट्टी.

मी किंचाळले, ते आठवतं. बाहेर शिट्ट्यांचा जो गदारोळ उठला, त्यात वाजंत्र्यांना कुणी विचारलं नाही. त्या गर्दीतनं संयोगिता आली. सासऱ्याची माणसं तिला गाडीत बसायला बोलावत होती. तिनं बाळाबाईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, त्या दिवशी मीपण देवळाच्या बाहेर गाडीतच बसले होते. भंडारा मलासुद्धा कुणी दिला नव्हता." एवढं बोलून ती गेली. याचा अर्थ काय, ते मी अजून तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

ज्ञानू कुंपणाजवळ कोरडाच उभा होता. सगळे लालेलाल, आणि हा पांढराशुभ्र. मी म्हटलं, "ज्ञानूदादा, गुलाल?"

"मला कशाला? माझं मत तिकडं ग्येलंय. मी हरलो न्हवं का?"

बाळाबाईनं मुठीत गुलाल घेतला, त्याच्याजवळ गेली, आणि त्याचा उजवा हात धरून तळव्यावर चोळला. "मत हरलं. तू न्हाय. चल, म्हशी वाट बगत असतील."

आता उन्हाळा चाललाय. सदस्य झाल्यावर बाळाबाईनं पहिलं पत्र दिलं ते पळसवाडीच्या मसणाच्या शेडचं, आणि त्याला खाली जोडून बाकीच्या वाड्यांचीही नावं. झेडपीतला तोच टेबलामागचा माणूस. या वेळी त्यानं खुर्ची दिली. मी मुद्दाम बरोबर गेले होते, ती खुर्ची बघायला. सगळ्या वाड्यांचं यंदा होणार नाही, हे बाळाबाईला ठाऊक आहे आणि ती ते तोंडावर सांगतेही. पण पळसवाडीचं आणि आणखी काही वाड्यांचं मंजूर झालंय. बाकीच्यांसाठी भांडायला मी आहेच.

गेल्या आठवड्यात इंजिनिअर मापं घ्यायला आला. तरणा पोरगा, नम्र. विसाव्याजवळ बायका जमल्या होत्या. नेहमीप्रमाणं तिथंच थांबल्या. बाळाबाई पुढं गेली, मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "या की. जाळ न्हाय, मढं न्हाय. नुसती जागा बगायची हाय." बनाबाईनं काठी टेकली आणि ओढ्याच्या दगडावर पाय ठेवला. मग बाकीच्या आल्या.

इंजिनिअरनं टेप काढली. "खांब कुठं कुठं घ्यायचे?"

बाळाबाईनं ज्ञानूला हाक मारली. त्या दिवशीच्या बाकीच्या दोघांनाही. "उबं ऱ्हावा. जिथं हुतासा तिथं."

तिघं कट्ट्याच्या तीन कोपऱ्यांना जाऊन उभे राहिले. चौथ्या कोपऱ्यावर बाळाबाई. चौघांनी हात वर केले, डोक्याच्या वर, तळवे आभाळाकडं, जसा तो पत्रा धरला होता तसे.

"हितं हितं खांब घ्या," ती म्हणाली. "आन् उंची आमच्या हातांच्या वर. आमाला पुन्यांदा हात लावाय लागू नये."

इंजिनिअर खाली बसला आणि चौघांच्या पायाजवळ चुन्यानं खुणा करायला लागला. ज्ञानूचा हात मधेच खाली आला.

"धर की रं," बाळाबाई ओरडली. "आजून माझ्या कोपऱ्याची खूण व्हायचीया."